अणुअंकापासून रेणुसूत्रापर्यंत: पहिली २० मूलद्रव्ये योग्य क्रमाने कशी शिकायची

आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या वह्यांत काही चुका वर्षानुवर्षं त्याच दिसतात. पोटॅशियमचं इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ती वाटणी) २, ८, ९ लिहिलेलं असतं. ॲल्युमिनिअम तिसऱ्या गणात जाऊन बसतं. नायट्रोजनची संयुजा ५ होते आणि हेलियमची २. यातल्या बहुतेक मुलांनी अभ्यास केलेला असतो. संयुजांची यादी त्यांना तोंडपाठ असते आणि मूलद्रव्यांची नावंही ती एका दमात म्हणतात. चुकतो तो क्रम. संरूपण, गण, संयुजा आणि सूत्र या चार गोष्टी त्यांनी सुट्या सुट्या पाठ केलेल्या असतात. खरं तर यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघते.

म्हणून क्रम असा ठेवायचा: अणुअंक, त्यावरून संरूपण, संरूपणावरून आवर्त आणि गण, शेवटच्या कवचावरून संयुजा, संयुजेवरून सूत्र. कुठलाही टप्पा ओलांडून पुढे जायचं नाही. संयुजा पाठ करायची नसते, ती काढायची असते. हे एकदा हाताला बसलं की पहिल्या २० मूलद्रव्यांपुरतं पाठांतर फारच थोडं उरतं.

सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी: आवर्त म्हणजे तुमचा पिरियड, गण म्हणजे ग्रुप, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, मूलक म्हणजे रॅडिकल. घरी आई-बाबा मराठीतून विचारत असतील तर दोन्ही शब्द माहीत असलेले बरे.

तयारी

घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका घ्या. त्यांचा कागद जाड असतो, पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही आणि मागची बाजू कोरी असते. ४ सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच अशी २० कार्डं कापा. दोन-तीन जास्तीची कापून ठेवा, एखाद्यावर खाडाखोड होतेच.

एक मोठा ड्रॉइंग पेपर लागेल, साधारण ७६ सेंमी रुंदीचा. त्यावर पेन्सिलीने १८ उभे रकाने आणि ४ आडव्या ओळी आखा. प्रत्येक रकाना ४ सेंमीचा धरला तर ७२ सेंमी होतात, म्हणजे कागदावर नीट बसतात. वर १ ते १८ आकडे लिहा, हे गण. डावीकडे १ ते ४ लिहा, ही आवर्तं. घरात एवढी मोकळी जागा नसेल तर रात्री जेवणं आटोपल्यावर जमिनीवर पसरा आणि काम झालं की गुंडाळून कपाटावर ठेवा.

*सावधान:* जागा वाचवायला मधले ३ ते १२ हे रकाने गाळू नका. पहिल्या २० मूलद्रव्यांत तिथे एकही कार्ड पडत नाही, म्हणून ते फुकट वाटतात. पण ॲल्युमिनिअम तिसऱ्या गणात टाकण्याची चूक नेमकी तिथूनच सुरू होते. रिकामी जागा डोळ्यांना दिसली पाहिजे.

सगळे टप्पे एका बैठकीत उरकू नका. पहिले दोन एका दिवशी, मांडणी आणि संयुजा दुसऱ्या दिवशी, आणि सूत्रांना स्वतंत्र दिवस द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री हे करायला बसलात तर फक्त कार्डं कापून होतील.

टप्पा १: नाव, संज्ञा, अणुअंक

पाठांतर लागतं ते इथेच. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, निऑन, सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनिअम, सिलिकॉन, फॉस्फरस, सल्फर, क्लोरिन, आरगॉन, पोटॅशियम, कॅल्शियम. ही नावं याच क्रमाने यायला हवीत, कारण यादीतला क्रमांक हाच अणुअंक. पाचाच्या चार गटांत पाडून म्हणा: बोरॉनपाशी ५, निऑनपाशी १०, फॉस्फरसपाशी १५, कॅल्शियमपाशी २०. मधूनच "१३ कोण?" असं कुणी विचारलं तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, १० वरच्या निऑनपासून पुढे मोजायचं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मधोमध संज्ञा लिहा आणि डावीकडे वर अणुअंक. बाकी काही नको.

संज्ञेचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरं असेल तर स्मॉल. हा सुंदर अक्षराचा प्रश्न नाही. कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही अक्षरं कॅपिटल लिहिली की तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही, कागदावरचं दिसतं.

पहिल्या २० मध्ये इंग्रजी नावाशी न जुळणाऱ्या संज्ञा दोनच आहेत. सोडियमची नॅट्रियम या लॅटिन नावावरून, म्हणजे कॅपिटल एन, स्मॉल ए. पोटॅशियमची कॅलियमवरून, म्हणजे नुसता कॅपिटल के. गोंधळ होतो तो असा: मुलं सोडियमला एस देतात, जो सल्फरचा आहे, आणि पोटॅशियमला पी देतात, जो फॉस्फरसचा आहे. ही दोन कार्डं लाल पेनाने लिहा.

*सावधान:* पुस्तकातल्या तक्त्यात प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. अणुअंक नेहमी पूर्णांक असतो आणि एकेकाने वाढत जातो. दुसरा आकडा अणुवस्तुमानाचा, तो क्लोरिनच्या ३५.५ सारखा अपूर्णांकातही असू शकतो. मांडणी नेहमी अणुअंकाने करायची. वस्तुमानाने गेलात तर आरगॉन (सुमारे ४०) पोटॅशियमच्या (सुमारे ३९) नंतर जाईल, आणि निष्क्रिय वायू अल्क धातूंच्या रांगेत येऊन उभा राहील.

टप्पा २: इलेक्ट्रॉन संरूपण

अणुअंक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या. अणू उदासीन असतो, म्हणजे जेवढे प्रोटॉन तेवढेच इलेक्ट्रॉन. अणुअंक ११ असेल तर ११ इलेक्ट्रॉन वाटायचे. आतून बाहेर कवचांची नावं के, एल, एम, एन. के कवचात जास्तीत जास्त २, एलमध्ये ८. आतलं कवच भरल्याशिवाय बाहेर जायचं नाही. सोडियम: के मध्ये २, एलमध्ये ८, उरला १. संरूपण २, ८, १. इथपर्यंत सहसा कुणी चुकत नाही.

चूक होते ती १९ वर. एम कवचाची कमाल क्षमता १८ आहे हे मुलांना माहीत असतं, म्हणून ती सरळ २, ८, ९ लिहितात. पण इथे दुसरा नियम आड येतो: सर्वांत बाहेरच्या कवचात आठाहून जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत. एम कवच सर्वांत बाहेरचं असेपर्यंत त्यात ८ च बसतील. नववा इलेक्ट्रॉन नव्या एन कवचात जातो. म्हणून पोटॅशियम २, ८, ८, १ आणि कॅल्शियम २, ८, ८, २. क्षमता १८ ची आहे ही गोष्ट खोटी नाही. ती जागा पुढे स्कँडियमपासून, म्हणजे अणुअंक २१ पासून भरायला लागते.

स्वतः काढून झाल्यावरच पुढचं उत्तर पाहा.

पहिलं आवर्त: हायड्रोजन १, हेलियम २.

दुसरं आवर्त: लिथियम २, १, बेरिलियम २, २, बोरॉन २, ३, कार्बन २, ४, नायट्रोजन २, ५, ऑक्सिजन २, ६, फ्लोरिन २, ७, निऑन २, ८.

तिसरं आवर्त: सोडियम २, ८, १; मॅग्नेशियम २, ८, २; ॲल्युमिनिअम २, ८, ३; सिलिकॉन २, ८, ४; फॉस्फरस २, ८, ५; सल्फर २, ८, ६; क्लोरिन २, ८, ७; आरगॉन २, ८, ८.

चौथं आवर्त: पोटॅशियम २, ८, ८, १, कॅल्शियम २, ८, ८, २.

संरूपण कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा.

*तपासणी:* आकड्यांची बेरीज अणुअंकाएवढी आली पाहिजे. क्लोरिन: २ + ८ + ७ = १७. ही तपासणी दोन सेकंदांची आहे आणि बहुतेक मुलं ती करत नाहीत. शेवटचा आकडा आठाहून मोठा दिसला तर बेरीज जुळूनही संरूपण चूक आहे.

टप्पा ३: कार्डं तक्त्यावर मांडणं

आता कार्डं पिसा आणि एकेक उचला. तक्ता आठवून कार्ड ठेवायचं नाही, मागचं संरूपण वाचून ठेवायचं.

आवर्त म्हणजे कवचांची संख्या. संरूपणात किती आकडे आहेत ते मोजा. २, ८, ३ मध्ये तीन आकडे, म्हणून तिसरं आवर्त.

गण ठरतो शेवटच्या आकड्यावरून. तो १ किंवा २ असेल तर गणही १ किंवा २. तो ३ ते ८ असेल तर त्यात १० मिळवा. ॲल्युमिनिअमचा शेवटचा आकडा ३, म्हणून गण १३. ऑक्सिजनचा ६, म्हणून गण १६. हे दहा म्हणजे मधले तेच रिकामे रकाने, ३ ते १२. चौथ्या आवर्तापासून तिथे लोखंड, तांबं, जस्त यांसारखे धातू येतात.

दोन कार्डांपाशी जपून राहा, दोन्ही पहिल्या आवर्तातली आहेत. हेलियमचा शेवटचा आकडा २ आहे, पण त्याचं एकुलतं एक कवच त्या दोनांनीच पूर्ण भरलं आहे. म्हणून तो निष्क्रिय वायूंबरोबर १८व्या गणात. हायड्रोजन १ल्या गणात बसतो, पण तो धातू नाही. "पहिल्या गणातील सर्व मूलद्रव्ये अल्क धातू आहेत, चूक की बरोबर?" असा प्रश्न आला तर उत्तर चूक, आणि कारण हायड्रोजन.

*तपासणी:* सगळी कार्डं ठेवल्यावर ओळींत २, ८, ८, २ अशी दिसली पाहिजेत. मग उभे रकाने वाचा: ३, ११, १९. पुढचा ४, १२, २०. शेवटचा २, १०, १८. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकाच वाराच्या तारखांमध्ये सातचा फरक असतो, तसा इथे आठचा आहे.

*सावधान:* आठच्या फरकाची ही युक्ती हायड्रोजनला लावू नका. १ आणि ९ मध्ये आठचाच फरक आहे, पण ९ म्हणजे फ्लोरिन, तो १७व्या गणात. आणि २० च्या पुढे तर ती चालतच नाही. पोटॅशियमच्या खालच्या रुबिडियमचा अणुअंक ३७ आहे, म्हणजे फरक १८ चा.

टप्पा ४: संयुजा

शेवटच्या कवचातले इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. संयुजा ही वेगळी गोष्ट आहे: अष्टक (शेवटच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायला अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो ती संख्या. या दोन शब्दांची सरमिसळ झाली की नायट्रोजनची संयुजा ५ होते.

संयुजा इलेक्ट्रॉन ४ किंवा कमी असतील तर तेवढीच संयुजा. चाराहून जास्त असतील तर ८ मधून वजा करा. नायट्रोजन: ८ − ५ = ३. ऑक्सिजन: ८ − ६ = २. क्लोरिन: ८ − ७ = १. निऑन आणि आरगॉन: ८ − ८ = ०. हेलियमचं कवच आधीच भरलेलं असल्यामुळे त्याचीही ०. हायड्रोजनची १.

संयुजा कार्डाच्या मागे लिहून त्याभोवती गोल करा.

*तपासणी:* दुसऱ्या ओळीतल्या संयुजा डावीकडून उजवीकडे वाचा: १, २, ३, ४, ३, २, १, ०. तिसऱ्या ओळीतही हाच क्रम यायला हवा. मध्येच ५ किंवा ६ दिसला तर ८ मधून वजा करायचं राहिलं आहे.

पुढे फॉस्फरस पेंटाक्लोराइड किंवा सल्फर डायऑक्साइड भेटतील आणि तुम्ही म्हणाल, फॉस्फरसची संयुजा ५ कशी? काही मूलद्रव्यं एकाहून जास्त संयुजा दाखवतात. फॉस्फरस ३ आणि ५, सल्फर २, ४ आणि ६. म्हणून वरची रीत खोटी ठरत नाही. तिच्याने सर्वांत साधी संयुजा मिळते, आणि शाळेतली बहुतेक सूत्रं तिच्यावरच चालतात.

टप्पा ५: सूत्र लिहिणं

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. चार पायऱ्या आहेत आणि चारही कागदावर दिसल्या पाहिजेत.

१. धातू किंवा धनप्रभारित मूलक डावीकडे, अधातू किंवा ऋणप्रभारित मूलक उजवीकडे.
२. प्रत्येकाखाली त्याची संयुजा.
३. संयुजांची तिरकी अदलाबदल. डावीकडची उजवीकडच्याच्या पायाशी, उजवीकडची डावीकडच्याच्या पायाशी.
४. दोन्ही आकड्यांना एकाच संख्येने भाग जात असेल तर संक्षेप द्या. १ लिहायचा नाही.

उदाहरण मुंबईच्या पावसाळ्यातलं घेऊ. जुलैत बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडसोबत मॅग्नेशियमचे क्षारही असतात. मिठागरात पाणी आटवून मीठ काढलं की थोडं मॅग्नेशियम क्लोराइड त्यात मागे राहू शकतं, आणि ते हवेतलं बाष्प फार झपाट्याने ओढून घेतं. भांडुप-मुलुंडकडे हायवेवरून मिठागरांची सपाट जमीन दिसते, तेव्हा ही दोन सूत्रं मनात काढून पाहा.

सोडियम १, क्लोरिन १. अदलाबदल केली तरी १ आणि १. एक सोडियम, एक क्लोरिन. मॅग्नेशियम २, क्लोरिन १. अदलाबदल: मॅग्नेशियमच्या पायाशी १, क्लोरिनच्या पायाशी २. एक मॅग्नेशियम, दोन क्लोरिन.

आता संक्षेपाचं उदाहरण. मॅग्नेशियम २, ऑक्सिजन २. अदलाबदलीनंतर २ आणि २. दोनने भाग द्या: एक मॅग्नेशियम, एक ऑक्सिजन. हा भाग द्यायला विसरणं ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक आहे. ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये ३ आणि २ येतात, तिथे भाग जात नाही: दोन ॲल्युमिनिअम, तीन ऑक्सिजन.

*सावधान:* संक्षेप ही संयुजेवरून सूत्र बनवतानाची पायरी आहे. पुस्तकात दिलेल्या तयार सूत्राला भाग द्यायला जाऊ नका. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन खरोखरच असतात. तिथे दोनने भागलंत तर पदार्थच उरत नाही.

मूलकांच्या संयुजा मात्र पाठच कराव्या लागतात. शाळेपुरत्या सहा पुरेत: अमोनियम १ (यांतला हा एकटाच धनप्रभारित), हायड्रॉक्साइड १, नायट्रेट १, सल्फेट २, कार्बोनेट २, फॉस्फेट ३. मूलक म्हणजे एकत्र वावरणारा अणूंचा गट. त्याच्या पायाशी २ किंवा जास्त आकडा आला तर संपूर्ण मूलक कंसात घालायचं आणि आकडा कंसाबाहेर. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुन्याची निवळी ज्याची होते ते: कॅल्शियम २, हायड्रॉक्साइड १. एक कॅल्शियम आणि कंसात हायड्रॉक्साइड, बाहेर २. कंस गाळला तर तो २ फक्त हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन कमी पडतो. उलट आकडा १ असेल तर कंसाची गरज नाही: सोडियम हायड्रॉक्साइडला कंस घालू नका.

*तपासणी:* प्रत्येक बाजूची संख्या गुणिले संयुजा, दोन्हीकडे सारखीच आली पाहिजे. कॅल्शियम फॉस्फेट: तीन कॅल्शियम, प्रत्येकी २, म्हणजे ६. दोन फॉस्फेट, प्रत्येकी ३, म्हणजे ६. जुळलं.

ही तपासणी तीन घटक असतानाही उपयोगी पडते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात त्या तुरटीत पोटॅशियम, ॲल्युमिनिअम आणि सल्फेट असतात. एक पोटॅशियम १, एक ॲल्युमिनिअम ३, मिळून ४. सल्फेटची संयुजा २, म्हणून दोन सल्फेट. शिवाय तिच्या स्फटिकात पाण्याचे १२ रेणू असतात, ते सूत्रात टिंब देऊन पुढे लिहितात. अदलाबदलीची रीत इथे थेट लागत नाही, पण बेरीज मात्र चुकत नाही.

टप्पा ६: कल ओळखणं

आकार, धातुगुण आणि क्रियाशीलता यांवरचे "कारण द्या" प्रश्न इथले. नियम पाठ करून गेलेली मुलं बाण उलटा लावतात. त्यापेक्षा तक्त्यासमोर बसून दरवेळी दोन प्रश्न विचारा: कवच वाढलं का? केंद्रकावरचा धनप्रभार वाढला का?

गणात वरून खाली जाताना दरवेळी नवं कवच येतं, म्हणून अणू मोठा होतो. अणुत्रिज्या पाहा: लिथियम १५२ पिकोमीटर, सोडियम १८६, पोटॅशियम २३१. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना कवचं तेवढीच राहतात, धनप्रभार मात्र वाढतो आणि इलेक्ट्रॉन आत ओढले जातात, म्हणून अणू लहान होतो. लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू फुगला, असं उत्तर लिहिणाऱ्यांनी हे सहा आकडे तक्त्याच्या कडेला लिहून ठेवावेत. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.

*सावधान:* या तुलनेत १८वा गण घेऊ नका. निष्क्रिय वायूंची त्रिज्या वेगळ्या रीतीने मोजतात, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

इलेक्ट्रॉन सहज देणं म्हणजे धातुगुण. अणू जितका मोठा, तितका बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल. म्हणून धातुगुण गणात खाली वाढतो आणि आवर्तात उजवीकडे घटतो. तिसरी ओळ बघा: सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनिअम धातू, सिलिकॉन धातुसदृश, पुढचे सगळे अधातू.

क्रियाशीलतेत मात्र थांबून विचार करा. १ल्या गणात ती खाली वाढते, पोटॅशियम सोडियमपेक्षा अधिक क्रियाशील. १७व्या गणात ती खाली घटते. कारण हॅलोजनांना इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो, घ्यायचा असतो, आणि लहान अणू तो अधिक जोराने ओढतो. म्हणून फ्लोरिन सर्वांत क्रियाशील. "खाली गेलं की वाढते" एवढंच पाठ केलेली मुलं इथे हमखास गुण घालवतात.

*सावधान, आणि हे पालकांनीही वाचावं:* सोडियमची पाण्याशी होणारी अभिक्रिया शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच पाहायची. सोडियम केरोसीनमध्ये ठेवतात तो याच कारणाने. आणि घरात ब्लीचिंग पावडर व टॉयलेट साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो, आणि मुंबईतल्या छोट्या, बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

टप्पा ७: उलट दिशेने

परीक्षेत नाव देऊन संरूपण विचारतात त्यापेक्षा संरूपण देऊन बाकीचं अधिक वेळा विचारतात. कार्डं उलटी धरा, मागची बाजू वाचा आणि पुढचं सांगा.

समजा, दिलं आहे २, ८, ६. बेरीज १६, हा अणुअंक, म्हणजे सल्फर. आकडे तीन, आवर्त ३. शेवटचा ६, गण १६. संयुजा ८ − ६ = २. अधातू. याच्यासारखे गुणधर्म ८, १० आणि १२ यांपैकी कोणाचे? प्रत्येकाचं संरूपण लिहा: २, ६; २, ८; २, ८, २. शेवटी ६ असलेलं पहिलं, म्हणून ८, ऑक्सिजन. आठच्या फरकाने उत्तर मनात लगेच येईल, पण कागदावर संरूपण लिहा, कारण "संयुजा इलेक्ट्रॉन समान आहेत" हे कारण गुण मिळवून देतं.

गण आणि आवर्त देऊन मूलद्रव्य विचारलं तर संरूपण शेवटाकडून बांधा. आवर्त ४, गण २: चार कवचं, शेवटी २, आतली भरलेली, २, ८, ८, २. बेरीज २०, कॅल्शियम.

*तपासणी:* कार्डं पिसून कोणतीही दोन उचला, एक डावीकडून पहिल्या तीन भरलेल्या रकान्यांतलं (गण १, २, १३), एक १६ किंवा १७ मधलं. दोघांची जागा, संयुजा आणि दोघांचं मिळून सूत्र सांगा. न अडखळता सलग पाच जोड्या जमल्या की हा भाग तयार झाला. पहिल्या जोडीतच हायड्रोजन किंवा बोरॉन हाती आला तर ते कार्ड बाजूला ठेवून दुसरं उचला.

अडखळलात तर कुठल्या टप्प्यावर, ते नेमकं पाहा आणि फक्त तिथे परत जा. सूत्र चुकलं आणि संयुजा बरोबर असेल तर टप्पा ५. संयुजाच चुकली असेल तर पुन्हा सूत्रं घोटून उपयोग नाही, टप्पा २ पासून बघा. बहुतेकदा चूक दिसते त्याच्या दोन टप्पे आधी झालेली असते.

२० च्या पुढे

लोखंड, तांबं यांना ही रीत लावू नका. लोखंड २ आणि ३ अशा दोन संयुजा दाखवतं, तांबं १ आणि २, आणि त्या शेवटच्या कवचावरून सरळ निघत नाहीत. तिथे संयुजा नावातच दिलेली असते: फेरस म्हणजे २, फेरिक म्हणजे ३, क्युप्रस १, क्युप्रिक २. ती घेऊन थेट टप्पा ५ वर या. फेरस सल्फेट: २ आणि २, संक्षेप देऊन एकास एक. फेरिक क्लोराइड: ३ आणि १, एक लोखंड, तीन क्लोरिन. पावसाळ्यात खिडकीच्या गजांवर चढणाऱ्या गंजात लोखंड ३ संयुजेचं असतं. ऑक्सिजनची २ घेऊन त्याच्या ऑक्साइडचं सूत्र काढा आणि गुणाकाराची तपासणी करून पाहा.